ट्रकशर्यतीचा गेम: स्टिअरिंग हलके लागते म्हणून तो खोटा ठरतो का?

छत्रीबागकर

ट्रकशर्यतीच्या गेमविषयी इंदूरच्या आपल्या मंडळींमध्ये एकच तक्रार वारंवार ऐकू येते. स्टिअरिंग फार हलके लागते, पाच टनांचे धूड हातात आहे असे वाटतच नाही, तेव्हा हा गेम म्हणजे ट्रकचे कातडे पांघरलेली मोटारच होय, असा तिचा सूर असतो. माझ्या मते ही तक्रार प्रामाणिक असली तरी तिचा रोख भलत्याच ठिकाणी आहे, आणि तेवढे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

चर्चेला काहीतरी ठोस आधार हवा म्हणून २०१९ साली आलेला, एन-रेसिंगने बनवलेला युरोपियन ट्रक रेसिंग चॅम्पियनशिपचा अधिकृत गेम समोर ठेवतो. प्रत्यक्ष स्पर्धेतला ट्रक म्हणजे आपल्याकडे ज्याला ट्रेलरचा घोडा म्हणतात तो, मागे काहीही न जोडलेला. किमान वजन ५,३०० किलो, इंजिन १३ लिटरपर्यंतचे, ताकद एक हजार अश्वशक्तीच्या वर, आणि एवढे सगळे असून नियमाने वेगाला ताशी १६० किलोमीटरची मर्यादा. या मर्यादेमुळे शर्यतीचे स्वरूपच बदलून जाते. सरळ पट्ट्यावर सगळेच १६० ला टेकलेले असतात, त्यामुळे तिथे पुढच्याला गाठणे जवळजवळ अशक्य असते. जे काही कमवायचे ते ब्रेक किती उशिरा लावला आणि वळणातून किती लवकर बाहेर पडलो यावरच कमवावे लागते.

म्हणून गेमची परीक्षा ब्रेकवर व्हावी, असे मी म्हणतो. या ट्रकांच्या ब्रेक डिस्कवर पाणी फवारले जाते आणि त्यासाठी सुमारे २०० लिटरची टाकी ट्रकवरच असते. गेमने ही गोष्ट घेतली आहे: ब्रेकचे तापमान समोर दिसते, पाणी आपण सोडायचे असते आणि ते संपतही जाते. हंगेरीतल्या हंगेरोरिंग या शर्यतमार्गाचा मुख्य सरळ पट्टा संपतो तिथे उजवीकडे घट्ट वळण आहे. मोटारीच्या गेमची सवय असलेला माणूस तिथे पहिल्या फेरीत हमखास सरळ बाहेर जातो. दुसऱ्या फेरीत तो लवकर ब्रेक लावतो आणि निभावतो, पण पाण्याकडे त्याचे लक्ष नसते, आणि त्याचा भुर्दंड पुढे ब्रेक तापत गेले की त्याला भरावाच लागतो. पुढच्या वळणांचा हिशेब आत्ताच्या वळणावर करायला लावणे, हे मला वजनाचे खरे भान वाटते. ते हातांना जाणवत नाही, निर्णयांत जाणवते.

आपणा सर्वांचे, विशेषतः ज्यांनी प्रत्यक्ष ट्रक चालवला आहे त्यांचे, मत वाचायला आवडेल.

देवासनाका

आमच्या घरी दोन पिढ्यांपासून ट्रकचा धंदा आहे, पूर्वी लोहामंडीत आणि आता देवास नाक्याला, त्यामुळे गेममध्ये फारशी गती नसली तरी स्टिअरिंगबद्दल अधिकाराने लिहू शकतो.

आजच्या कोणत्याही जड ट्रकचे स्टिअरिंग एका हाताने, किंबहुना तळहाताने फिरते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाड्यांत खांदे भरून येत, ते दिवस गेले. हायड्रॉलिक मदतीमुळे पुढच्या चाकांवर कितीही भार असला तरी तो चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचत नाही, आणि रस्त्याचे लहानसहान धक्के वाटेतच जिरून जातात. तेव्हा हलके स्टिअरिंग हा खोटेपणाचा पुरावा धरला, तर आमच्या यार्डातल्या सगळ्या गाड्या खोट्या ठरतील.

चालकाला खबर मिळते ती बुडाखालून. गाडी एका अंगाला कलते, केबिन स्वतःच्या स्प्रिंगांवर वेगळे डोलते, मागचा भार उशिराने ढकलतो, हे सगळे सीट सांगते. गेम खेळणारा ज्या खुर्चीवर बसतो ती मात्र हलत नाही. छत्रीबागकरांचे म्हणणे मला पटते, पण त्यात एवढी भर घालतो की गेमची उणीव खुर्चीत आहे आणि लोक ती स्टिअरिंगमध्ये शोधत आहेत.

ब्रेकबद्दल आणखी एक. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पेडल दाबल्यावर व्हॉल्व्ह उघडतो, हवा नळीतून चेंबरपर्यंत जाते आणि मग ब्रेक धरतो. हा विलंब सेकंदाच्या अंशाचाच असतो, पण वेगात असताना तेवढ्यात गाडी बरेच मीटर पुढे सरकते. उगाच पेडल मारत राहिले तर टाकीतला दाब उतरतो, हे वेगळेच. गेममध्ये हा विलंब आहे का, हे खेळणाऱ्यांनी सांगावे.

वेगमर्यादा

मतभेद नोंदवतो. हलके असणे आणि मुके असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांत त्यांची गल्लत होते आहे.

टायर वळताना स्वतःहून सरळ होऊ पाहतो आणि तो जोर स्टिअरिंगवर येतो. वळणात टायरची पकड संपत आली की ती पूर्ण सुटण्याच्या जरासे आधीच हा जोर कमी होऊ लागतो. चालकासाठी ही पूर्वसूचना असते: पुढची चाके आता घसरणार आहेत. मोटारशर्यतीच्या चांगल्या गेममध्ये फोर्स फीडबॅकचे, म्हणजे गेममधला जोर स्टिअरिंगमधून हाताला देण्याच्या सोयीचे, सगळे कौशल्य हा बदल हातापर्यंत पोहोचवण्यात असते. ट्रकमध्ये एकूण जोर कमी असेल हे मान्य, पण त्या कमी जोरातही चढउतार असायला हवेत. मला हा गेम खेळताना पुढची चाके घसरू लागल्याचे कळते ते टायरच्या आवाजावरून आणि पडद्यावरच्या चित्रावरून. हाताला कळेपर्यंत ट्रक गवतात गेलेला असतो. दरमहा हप्ते भरून घेतलेल्या व्हीलकडून, म्हणजे गेमला जोडायच्या स्टिअरिंगकडून, मी एवढीच अपेक्षा करतो.

हवेच्या ब्रेकबद्दल: युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये हवेच्या दाबाचे अनुकरण चालू करण्याची सोय आहे; तिथे पेडलचा अतिवापर केला तर दाब खरोखर खाली येतो. शर्यतीच्या या गेममध्ये मला पेडल आणि ब्रेक यांच्यात तसे अंतर जाणवले नाही. २०१२ च्या, माल वाहून नेण्याच्या गेमने जे दाखवले ते शर्यतीच्या गेमने का दाखवू नये, हा माझा प्रश्न आहे.

मल्हारगंज_२

आमच्यासारख्या कंट्रोलरवर खेळणाऱ्यांनी या चर्चेत भाग घ्यावा की नुसते वाचावे?

छत्रीबागकर

मल्हारगंज, अवश्य घ्यावा. कंट्रोलरची अंगठ्याची काडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षणात जाते, खऱ्या ट्रकच्या स्टिअरिंगला तेवढ्यासाठी कित्येक वेढे घ्यावे लागतात. म्हणून गेम तुमच्या अंगठ्याचा आदेश मुद्दाम संथ करून चाकांपर्यंत नेतो. तुम्हाला जो जडपणा जाणवतो त्यातला काही भाग ट्रकचा नसून या गाळणीचा असतो. सेटिंगमध्ये स्टिअरिंगची संवेदनशीलता थोडी थोडी बदलून पाहिली तर कोणता जडपणा कशाचा, हे लवकरच ध्यानात येते.

वेगमर्यादा यांचा हलके आणि मुके हा भेद मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मात्र बाजारातली बरीच व्हील ९०० अंश, म्हणजे अडीच वेढे फिरतात. शर्यतीच्या गेममध्ये तेवढे अंश पूर्ण ठेवले तर अंशामागे बदल बारीक होतो आणि तो गिअरवर चालणाऱ्या स्वस्त व्हीलच्या घर्षणात हरवून जातो. अंश कमी करून पाहिलेत का?

वेगमर्यादा

पाहिले. जोर वाढला, खबर वाढली नाही.

पीथमपूरकर

मी वाहन-चाचणीच्या क्षेत्रात काम करते. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या भागात या विषयाचे कुतूहल वाढले आहे, पण इथे मी कोणत्याही संस्थेच्या वतीने लिहीत नाही. फक्त ब्रेकचा हिशेब मांडते, कारण त्यातून छत्रीबागकरांच्या मुद्द्याला आकड्यांचा आधार मिळतो.

५,३०० किलोचा ट्रक ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ५.२ मेगाज्यूल भरते. त्याच वेगाच्या १,३०० किलोच्या मोटारीची भरते सुमारे १.३ मेगाज्यूल, म्हणजे चौपट फरक. आता हा ट्रक १६० वरून ६० वर आणला तर सुमारे ४.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एक लिटर पाणी ३० अंशांपासून तापवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण २.५ मेगाज्यूल लागतात. सगळा भार पाण्यावरच टाकला असे क्षणभर धरले, तर एका वळणाला पावणेदोन लिटर पाणी. प्रत्यक्षात इंजिनाचा अवरोध, वारा आणि खुद्द डिस्कची धातू आपापला वाटा उचलतात, आणि दुसरीकडे फवारलेले सगळे पाणी वाफ होत नाही, काही तसेच उडून जाते. तरी अशी वळणे प्रत्येक फेरीत चार-पाच आणि फेऱ्या डझनभर धरल्या, तर २०० लिटरची टाकी ही चैन नाही हे दिसते. टीव्हीवर या ट्रकांच्या चाकांतून वळणाआधी पांढरे लोट निघताना दिसतात ते याच वाफेचे.

धुराचा इथे संबंध नाही, बरे का. उलट डिझेलचा दिसण्याजोगा धूर सोडला तर या स्पर्धेत दंड होतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. भरलेले पाणी हेही वजनच आहे. सुरुवातीला टाकीतले जवळपास २०० किलो शेवटी बरेचसे उडून गेलेले असतात, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत ट्रक किंचित वेगळा वागायला हवा. एखाद्या गेमने ब्रेकचे तापमान दाखवले म्हणजे त्याने पाण्याचे वजनही धरलेच असेल असे नाही. तापमान पडद्यावर दाखवता येते, वजन ट्रकच्या वागण्यातून जोखावे लागते. ज्यांना चिकाटी आहे त्यांनी भरल्या आणि रिकाम्या टाकीने एकाच वळणावर चालवून पाहावे.

आणि देवासनाका काका, एक नम्र दुरुस्ती. रस्त्यावरचा ट्रक कलतो-डोलतो म्हणून शर्यतीचा ट्रकही तितकाच डोलावा, अशी अपेक्षा बरोबर होणार नाही. शर्यतीच्या ट्रकचे इंजिन मूळ जागेवरून मागे सरकवून दोन आसांच्या मधल्या भागात आणलेले असते, सस्पेन्शन पुष्कळ कडक असते आणि एकूण बांधणी खाली बसवलेली असते. गेममध्ये केबिन नावेसारखे डोलत नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

देवासनाका

ताई, दुरुस्ती मान्य. पण मग मला वेगळाच प्रश्न पडतो: रस्त्यावरच्या चालकाने या गेमचा खरेपणा ठरवावाच का?

हे विचारण्याचे कारण सांगतो. आमच्याकडे बरीच वर्षे गाडीवर असलेले एक उस्ताद आहेत. मुंबईच्या फेऱ्यांमध्ये धामणोदच्या अलीकडचा गणपती घाट त्यांना तोंडपाठ झालेला. भाच्याने त्यांना व्हीलसमोर बसवले. त्यांनी आधी खुर्ची पुढे ओढली, पाठ टेकून पाहिली आणि मग डावीकडे मान वळवली. तिथे भिंत होती. दोन वेळा त्यांनी आरशासाठी भिंतीकडे पाहिले, शेवटी "शीशा कहाँ है?" असे विचारले. भाच्याने बटण दाखवले. बटण दाबून मागचे दिसणे त्यांना पसंत पडले नाही.

पण सुटल्यावर त्यांनी जे केले ते भाच्याला कधी जमले नव्हते. ते वळायला उशीर करत होते. प्रत्येक वळणावर भाचा ओरडे, "आता, आता", आणि ते त्यानंतर स्टिअरिंग फिरवत, तरीही आतल्या कडेला नेमके लागत. कारण साधे आहे. मोटारीत चालक पुढच्या चाकांच्या मागे बसतो. आपल्या सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये तो पुढच्या चाकांच्या वर किंवा थोडा पुढेच बसतो, त्यामुळे स्वतः वळणावर पोहोचल्यावरही चाके पोहोचायची असतात. आधी वळवले तर मागचे चाक आत कापत जाते. गेममधला ट्रक या सवयीला नीट प्रतिसाद देत होता, म्हणजे बनवणाऱ्यांनी चालकाची जागा आणि चाकांची जागा यांचे नाते बरोबर धरलेले दिसते.

ब्रेक मात्र त्यांनी गरजेपेक्षा फारच लवकर लावले. घाटात ड्रम तापले की ते फुगतात, लायनर आणि ड्रम यांच्यातली फट वाढते, घर्षणही उतरते, आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. ही भीती ज्याने बाळगली आहे तो १६० च्या वेगात वळणाजवळ जाऊन ब्रेक मारणार नाही. ते आपोआप गिअर उतरवत इंजिनवर गाडी आणत होते. सगळ्यात शेवटी आले आणि म्हणाले, गाडी ठीक आहे, चालवणारे सगळे वेडे आहेत.

आडा_बाजार

उस्तादांना माझा साष्टांग नमस्कार सांगावा.

त्यांच्यासारखे चालक खरोखर शर्यतीत उतरले आहेत, म्हणून ही नोंद. २०१४ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर टाटाच्या प्रायमा ट्रकांची पहिली शर्यत झाली तेव्हा चालक परदेशी होते. पुढे भारतीय व्यावसायिक ट्रकचालकांना निवडून, शिकवून २०१६ मध्ये त्याच सर्किटवर उतरवले गेले. त्यांना काय नव्याने शिकावे लागले असेल याचा विचार केला, तर देवासनाका यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते: गाडीचा आकार त्यांच्या अंगात होता, ब्रेकवरचा विश्वास नव्याने कमवायचा होता. गेम खेळून आलेल्या मुलाचे नेमके उलटे असते. त्याचा ब्रेकवर अवाजवी विश्वास असतो आणि मागच्या चाकाचा त्याला पत्ताच नसतो.

आवाजाबद्दल कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. डिझेल इंजिनाचा कामाचा पट्टा अरुंद असतो. पेट्रोलच्या शर्यतीच्या गाडीसारखे ते किंचाळत वर जात नाही, जोर खालीच मिळतो. त्यामुळे पाय दाबल्यावर आधी टर्बोची शीळ आणि मग जोर, हा क्रम कानाला कळणे चालकासाठी कामाचे असते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा आधी द्यावा लागतो तो यासाठीच. मी हेडफोन लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे चालवतो. आवाज बंद असला की माझे बाहेर पडणे प्रत्येक वेळी बिघडते. हाताला खबर मिळत नसेल तर कानाकडून घ्यावी, असे वेगमर्यादा यांना सुचवावेसे वाटते.

वेगमर्यादा

कानाकडून घेतोच आहे. तक्रार आहे ती एकट्या कानाकडूनच घ्यावी लागते याची. असो.

उस्तादांचे वर्णन वाचून मात्र एक गोष्ट तपासली. त्यांना आरसा सापडला नाही, कारण पडद्यावर दिसणारा कोन आणि डोळ्यांना दिसायला हवा तो कोन यांचा मेळ नव्हता. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर तो आडवा सुमारे ५३ अंशच व्यापतो. प्रमाण बरोबर ठेवायचे तर गेममध्ये तेवढाच कोन हवा, पण मग आरसे दिसत नाहीत. आरसे दिसावेत म्हणून कोन वाढवला की वळण दूर भासते, वेग जास्त भासतो आणि ट्रक हलका वाटू लागतो. मी कोन कमी करून खेळलो तेव्हा तोच ट्रक, तेच वळण आणि तेच व्हील असूनही धूड पूर्वीपेक्षा जड वाटले. तेव्हा हलकेपणाच्या तक्रारींपैकी काही स्टिअरिंगच्या नसून पडद्याच्या आहेत, एवढे मी कबूल करतो. मुकेपणाची तक्रार कायम आहे.

मल्हारगंज_२

कोन कमी करून पाहिला. ट्रक जड वाटतो हे खरे, पण शेजारी कोण आहे ते कळत नाही आणि प्रत्येक शर्यतीत धडकतो.

पीथमपूरकर

एकच पडदा असेल तर ही तडजोड चुकत नाही. एकट्याने वेळेशी स्पर्धा करताना कोन लहान ठेवावा, इतरांबरोबर शर्यत करताना मोठा.

ब्रेकच्या पेडलबद्दल एक सूचना राहिली होती. साध्या पेडलमध्ये पाय किती अंतर गेला हे मोजले जाते, लोड सेलच्या पेडलमध्ये किती जोर दिला हे मोजले जाते. माणसाचा पाय अंतरापेक्षा जोर अधिक चांगला लक्षात ठेवतो, म्हणून लोड सेलवर ब्रेक पुन्हा पुन्हा तसाच लागतो. ट्रकचे हवेचे पेडल हाताळताना मात्र चालक मुख्यतः व्हॉल्व्ह किती उघडायचा याचे नियमन करत असतो. हायड्रॉलिक ब्रेकसारखा कठीण, दगडी प्रतिकार त्याला नसतो. तेव्हा केवळ या गेमसाठी महागडी पेडल घेण्याची घाई कुणी करू नये. साधी पेडल या एका बाबतीत ट्रकच्या अधिक जवळची आहेत, फक्त त्यांचा वरचा रिकामा टप्पा सेटिंगमधून काढून टाकावा.

छत्रीबागकर

पेडलचा हा मुद्दा मला पूर्णपणे नवा होता, आभारी आहे. हवेच्या विलंबाबद्दल वेगमर्यादा यांचे निरीक्षण मी दोन-तीन वळणांवर पडताळून पाहिले आणि मलाही पेडल व ब्रेक यांच्यात अंतर सापडले नाही. शर्यतीच्या ट्रकमध्ये तो विलंब कमी राखण्याचा प्रयत्न होत असणार, पण हवा ती हवाच. ज्या गेमला मी ब्रेकवर तोलायला निघालो त्याच्या ब्रेकमधली ही उणीव मोठी मानावी लागेल. पाण्याच्या हिशेबाचे गुण मात्र त्यामुळे कमी करणार नाही.

मल्हारगंज, धडकण्याविषयी म्हणाल तर खऱ्या शर्यतीतही ट्रक एकमेकांना खेटून जातात, पण आपण ज्या धडकांतून निवांत निघून जातो त्यांत खरा ट्रक दुरुस्तीलाच गेला असता. ते वास्तव गेममध्ये पूर्ण आणले तर निम्मे लोक पहिल्या वळणानंतर घरी जातील. देवासनाका काका, उस्तादांना पुढच्या रविवारी वेळ असेल तर माझ्याकडे तीन पडद्यांची मांडणी आहे. डावीकडे भिंतीऐवजी आरसा दिसेल.

देवासनाका

विचारले. इंदूर-अहमदाबाद फेरीवर आहेत, शनिवारी परततील. येईन म्हणाले, पण गिअर हाताने टाकायचा असेल तरच.